कॅटामरान टॅकच घेत नाही? आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

छोटी कॅटामरान, म्हणजे जोडलेल्या दोन तळांची (हलची) शिडाची बोट, नव्याने घेतलेल्या जवळपास प्रत्येकाची पहिली तक्रार हीच असते: ती टॅक घेत नाही, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरून नाक पलीकडे नेऊन वळत नाही. वारा आडवा असला की बोट सुसाट पळते. परत फिरायचं म्हणून टिलर (सुकाणूचा दांडा) ढकलला की नाक वाऱ्याकडे वळतं, बरोबर वाऱ्याच्या तोंडावर येतं आणि तिथेच ठप्प. दोन्ही शिडं फडफडतात, बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) डोक्यावर इकडून तिकडे झोके खाते, बोट मागे सरकायला लागते आणि शेवटी जिकडून आलो त्याच अंगाला परत पडते. पुन्हा वेग घ्या, पुन्हा वळवा, पुन्हा तेच. दुपारी गोव्यातल्या करंझाळ्याहून निघाला असाल तर एवढ्यात किनारा पाठीशी येऊन भिडलेला असतो, कारण वायव्येचा वारा तिथे जमिनीकडेच रेटतो.

माझा भाचा पर्वरीला राहतो. त्याने मित्राबरोबर भागीत अशी बोट घेतली आणि घेतल्याघेतल्या फोन केला.

"मामा, टिलर पार टोकापर्यंत ढकलतो, तरी वळत नाही."

"म्हणूनच वळत नाही."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पण या तक्रारीचं अर्धं उत्तर त्यातच आहे. टॅक फसतो तो बहुतेक वेळा टिलर हलवण्याच्या आधीच फसलेला असतो, आणि मग घाबरून टिलर जोरात ढकलला की उरलासुरला वेगही जातो. खाली मी जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसा आहे. किनाऱ्यावर बघायच्या गोष्टी आधी, हाताचं काम नंतर, आणि डोलकाठीला हात सगळ्यात शेवटी. पुष्कळ लोक उलटीकडून सुरुवात करतात. टॅक झाला नाही की लगेच स्टे (डोलकाठीच्या तारा) सैल-घट्ट करत बसतात आणि रडरचं (सुकाणूचं) पातं अर्धवट वर राहिलंय हे बघतच नाहीत.

असं होतं तरी का

एका हलची डिंगी (छोटी बोट) मधल्या खालच्या फळीभोवती गर्रकन फिरते. किनाऱ्यावरून नेतात त्या कॅटामरानपैकी बऱ्याच बोटींना ही फळीच नसते. होबी १६ हे मॉडेल घ्या. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन साधारण १४५ किलो. तिच्या दोन्ही हलचा आकार आतून एक आणि बाहेरून एक असा असतो, आणि बाजूला घसरू न देण्याचं काम तो आकारच करतो. म्हणजे पाण्याला पकड आहे ती हलच्या जवळपास सगळ्या लांबीची. अशा दोन लांब, सरळ वस्तू दोन मीटरपेक्षा जास्त अंतरावर बांधून वळवायच्या, तर बाहेरच्या हलला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला मारावा लागतो. दोघांनाही सरळच जायचं असतं.

त्यात वजन कमी. जड बोट शिडातला वारा गेला तरी आपल्या रेट्याने पुढे जाते. ही जात नाही. चढावर पेडल मारायचं थांबवलं की सायकल जशी थांबते तशी ही थांबते. वर डोलकाठी, तारा, फडफडणारं कापड यांना वारा समोरून रेटत असतो तो वेगळाच. वाऱ्याच्या तोंडावर तुमच्या हाती फार तर दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात नाक पलीकडे गेलं तर गेलं.

त्यामुळे "माझी बोटच बिघडलेली आहे" असं लगेच ठरवू नका. विकणाऱ्याला फोन करून भांडायच्या आधी पुढचं सगळं बघून घ्या.

रडर खरंच खाली आहे का

हे सगळ्यात आधी, आणि गोव्यात तर आधीच. मिरामार, करंझाळे इथला किनारा उथळ आणि वाळूचा. निघताना पातं वर उचलून ठेवावं लागतं, कमरेएवढ्या पाण्यात बोटीवर चढायचं आणि मग ते खाली ढकलायचं. या घाईत पातं बहुतेक खाली जातं, पण कुलूप लागत नाही. बोट चालायला लागली की पाण्याच्या दाबाने ते पुन्हा थोडं मागे उचललं जातं. डोळ्यांना खालीच दिसतं. हाताला मात्र कळतं, कारण टिलर जड होतो, बोट सारखी वाऱ्याकडे ओढते आणि सरळ धरायलाच दोन्ही हात लागतात.

अर्धवट उचललेलं पातं मागे लांब पसरतं. टिलरवर जोर कितीतरी जास्त लागतो आणि वळण कमी मिळतं. वेग असताना बोट वाऱ्याकडे आपोआप वळतेय म्हणून तुम्हाला वाटतं टॅक छान होणार. ऐन तोंडावर मात्र पातं बोटीला फिरवायच्या ऐवजी पाणी ढवळत बसतं.

तपासायचं असं. बोट गाड्यावर किंवा वाळूच्या उंचवट्यावर असताना दोन्ही पाती खाली करा. टिलरचा दांडा दाबला की 'खट्' असा आवाज यायला हवा. मग पात्याचं खालचं टोक धरून मागे ओढून बघा. थोड्या जोराने सुटत असेल तर कुलूप सैल आहे. त्याचा स्क्रू बहुतेक बोटींवर घट्ट करता येतो. आवाजच येत नसेल तर धातूच्या घरातल्या कॅमच्या (कुलपाच्या फिरत्या तुकड्याच्या) खाचेत बघा. भाच्याच्या बोटीत डाव्या रडरच्या त्या खाचेत शिंपल्याचा नखाएवढा तुकडा बसला होता, आणि त्यामुळे कॅम शेवटचे चार मिलिमीटर फिरतच नव्हता. बांबूच्या काडीने काढला, गोड्या पाण्याने धुतलं, खट् वाजलं. तिथे तेल-ग्रीस घालू नका. वाळू त्यालाच चिकटते आणि दोन दिवसांत पहिल्यापेक्षा वाईट होतं. दर वेळी गोड्या पाण्याने धुणं पुरतं.

दुसरी गोष्ट, दोन्ही पाती एकमेकांना समांतर आहेत का. दोघांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मोजा, मग मागच्या कडांमधलं. सारखं हवं, किंवा पुढचं एक-दोन मिलिमीटर कमी चालेल. जास्त फरक असेल तर दोन टिलर जोडणाऱ्या आडव्या नळीच्या टोकाला जुळवणी असते, तिथे नीट करा. नव्या बोटीत हे कुणी जुळवूनच दिलं असेल असं धरून चालू नका.

आणि समुद्रात अचानक वळणं बंद झालं तर मागे वाकून बघा. जाळ्याचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी, नायलॉनची दोरी, काहीतरी पात्याला गुंडाळलेलं असतं. रांपणीच्या आणि इतर जाळ्यांच्या बोयांपासून तर लांबच राहा. तिथे अडकलात तर टॅकचा प्रश्न राहत नाही, जाळं कुणाचं हा प्रश्न उरतो.

हलमध्ये पाणी

बोट पहिल्या अर्ध्या तासात बरी वळते आणि मग जड होत जाते, असं होत असेल तर हे बघा. किनाऱ्यावर आल्यावर मागचे दोन्ही ड्रेन प्लग उघडा, पुढून बोट उचला आणि बादली धरा. कपभर पाणी निघालं तर चिंता नाही. अर्धी बादली निघाली तर पाच-सहा किलो वजन आतल्याआत पुढे-मागे धावत होतं. नाक वर करायचं तेव्हा ते मागे आणि लाटेवर उतरताना पुढे.

सर्वांत आधी प्लगची रबरी चकती. ती चेपलेली, तडकलेली किंवा तिच्याखाली वाळू असते. तसं नसेल तर प्लगच्या भोकातून तोंडाने हलकी हवा फुंका, बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात बघा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर अजिबात नको. तेवढ्या दाबाने धड सांधाही उघडेल. उन्हात ठेवताना प्लग उघडेच ठेवा, आतली हवा तापून फुगते.

टॅक कसा घ्यायचा

आता हाताचं काम. हे सावकाश वाचा, कारण यातल्या प्रत्येक गोष्टीची वेळ महत्त्वाची आहे.

आधी वेग. वाऱ्याच्या जवळून, पण गुदमरून नाही. नवशिके टॅक घ्यायचाय म्हणून आधीच नाक वर वर, म्हणजे वाऱ्याकडे, नेत राहतात. त्यांना वाटतं, वळायचा कोन तेवढा कमी झाला. कोन कमी होतो खरा, पण वेगही निम्म्यावर येतो. जिबवरच्या (पुढच्या छोट्या शिडावरच्या) लोकरीच्या धाग्यांकडे बघा. आतला आणि बाहेरचा दोन्ही सरळ मागे वाहत असतील तर बरोबर. आतला धागा वर उडायला लागला म्हणजे तुम्ही फार वर आलात, थोडं उतरा, म्हणजे वाऱ्यापासून लांब वळा. कॅटामरानला वाऱ्यापासून साधारण ४५ ते ५० अंशांवर धरलं तर ती चांगली चालते. त्याच्या आत कोंबू नका. शंका वाटली तर पाच अंश खाली उतरा, वेग घ्या, मग वळा.

मग पाणी बघा. समोर मोठी लाट असताना वळायला गेलात तर ती नाकावर थाप मारते आणि बोट थांबते. दोन लाटांमधला सपाट तुकडा शोधा. किनाऱ्याजवळ अशी जागा मिळतेच, फक्त थांबायची तयारी हवी.

टिलर सुरुवातीला हळू ढकला, बोट वळायला लागली की थोडा जास्त. पार टोकापर्यंत कधीच नाही. पातं ४५ अंशांच्या पुढे गेलं की त्याचं सुकाणूपण संपतं आणि ते ब्रेक होतं. वळताना मागे पाण्यात खळखळ ऐकू आली, पाणी उसळताना दिसलं, म्हणजे जास्त ढकललंत.

मेनशीट, म्हणजे मेनसेल (मोठं शीड) ओढायची दोरी, हा खरा घोळ. वळायला सुरुवात करताना मेनसेल घट्ट हवं. ते बोटीचा मागचा भाग वाऱ्याखाली (वारा जातो त्या बाजूला) ढकलतं आणि नाक वाऱ्याकडे आणतं. म्हणजे इथपर्यंत ते मित्र. पण नाक वाऱ्याच्या रेषेवर पोचल्यावर तेच घट्ट शीड शत्रू होतं. कौलावरचं वाऱ्याचं दिशादर्शक पातं जसं वाऱ्याकडेच तोंड करून राहतं, तसं ते बोटीला तिथेच धरून ठेवतं. नेमक्या त्या क्षणी मेनशीट हात-दीड हात सोडायची. पुष्कळ जण ती सोडतच नाहीत. काही जण इतक्या लवकर सोडतात की बोटीचा दम वाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच निघून जातो. खूण एकच धरा. जिब फडफडायची थांबून उलट्या बाजूने भरली, की मेनशीट सोडा.

जिबचं उलट आहे. तिला हात लावायचा नाही. जुन्या बाजूच्या क्लीटमध्ये (दोरी अडकवायच्या खोबणीत) अडकवलेलीच राहू दे. नाक रेषेच्या जरा पलीकडे गेलं की वारा तिच्या पाठीत शिरतो आणि नाकाला धक्का देऊन पलीकडे नेतो. हा धक्का फुकटचा आहे, तो घालवू नका. क्रू म्हणून बसलेला जोडीदार नव्या उत्साहात टिलर हलताच जिब सोडून देतो, आणि तिथेच निम्मे टॅक मरतात. भाच्याच्या मित्राला मी एवढंच सांगितलं होतं, "मी म्हणेपर्यंत दोरीला हात लावू नकोस." त्याला ते अपमानास्पद वाटलं, पण बोट वळली.

मेनसेल नव्या बाजूला भरलं की मग जिब सोडा आणि पलीकडून ओढा. फार उशीर केलात तर तीच जिब बोटीला गरजेपेक्षा खाली ढकलते आणि थांबवते.

वजनाचं एक. वळताना चालवणारा मागच्या कोपऱ्याजवळ असू दे, म्हणजे नाक किंचित वर येतं आणि हलच्या पुढच्या भागाची पाण्यावरची पकड सुटते. होबी १६चं बूड केळ्यासारखं वाकलेलं आहे, तिच्यावर हा फरक चांगला जाणवतो. पण दोघेही मागे जाऊन बसलात तर मागची टोकं बुडून ओढ लागते. क्रूने मधूनच आणि गुडघ्यांवर सरकत जायचं, कारण बूम खाली असते आणि डोकं तिच्यापेक्षा मऊ असतं.

टिलरचा लांब दांडा मेनशीटच्या मागून फिरवायचा. पुढून फिरवायला गेलात तर तो दोऱ्यांत अडकतो, हात अडकतो, आणि टिलर भलत्याच बाजूला जातो. हे किनाऱ्यावर, गाड्यावरच्या बोटीत बसून करून बघा. शेजारी हसतील, हसू द्या.

नव्या बाजूला आलात की टिलर मधोमध, मेनसेल थोडं सैल, आणि नाक जरा खालीच. लगेच घट्ट करून वर चढायला गेलात तर वेग येतच नाही आणि बोट पुन्हा तोंडावर जाते. वेग आला, धागे वाहायला लागले, की मग ओढा.

हलक्या वाऱ्यात आणखी एक अडचण येते. मेनसेलमधल्या आडव्या बॅटन (शिडात घातलेल्या पट्ट्या) जुन्याच बाजूला वाकलेल्या राहतात. शीड नव्या बाजूला असूनही त्याचं पोट उलटं. बूम धरून एक झटका द्या, त्या टपाटप पलटतात.

अडकलातच तर

अडकणं हा अपघात नाही. त्यातून बाहेर पडता येतं, आणि ते येत असेल तर टॅक फसण्याची भीती जाते. माझ्या मते टॅकच्या आधी हे शिकवायला हवं.

बोट मागे जायला लागली की ती मागेच जाऊ द्या. रडरजवळचे बुडबुडे पुढच्या दिशेने सरकताना दिसले म्हणजे तुम्ही मागे जाताय. आता रडर उलटं काम करतं. मेनशीट पूर्ण मोकळी करा. बूम तुमच्यापासून लांब ढकला आणि टिलरही त्याच बाजूला ढकलून घट्ट धरा. समजा तुम्ही डाव्या बाजूला बसलायत, तर दोन्ही उजवीकडे. नाक उजवीकडे फिरेल, वारा डाव्या अंगाने येईल आणि तुम्ही योग्य बाजूला बसलेलेच असाल. जिब असेल तर क्रूने तिचं मागचं टोक हाताने डावीकडे, म्हणजे बूमच्या उलट बाजूला धरायचं. वळण झपाट्याने होतं.

वारा नीट आडवा आला की टिलर मधोमध, जिब सोडून उजवीकडून ओढा, मग मेनशीट सावकाश घ्या. झटक्यात ओढलीत तर परत तोंडावर.

टिलर घट्ट धरा असं म्हटलं त्याला कारण आहे. मागे जाताना पाणी पात्याच्या उलट्या कडेवर आदळतं आणि टिलर हातातून हिसकून टोकाला जातो. जोर असेल तर धातूचं घरच तडकतं. वारा जोराचा असेल तर दोघांनी वजन थोडं पुढे घ्या, मागची टोकं बुडू देऊ नका.

आणखी एक वाट म्हणजे टॅक सोडून जाइब करणं, वाऱ्याला पाठ देऊन वळणं. हलक्या-मध्यम वाऱ्यात चालेल. जागा मात्र लागते आणि वाऱ्याखाली बरंच अंतर जातं, म्हणून किनारा वाऱ्याखाली असताना नको. करताना मेनशीटच्या सगळ्या पदरांची मोळी हातात धरून शीड स्वतः पलीकडे न्या, बूमला आपणहून येऊ देऊ नका. लाटांवर पांढरे फेस दिसायला लागले, म्हणजे वारा साधारण ११ ते १६ नॉटच्या घरात गेला, की नवशिक्याने जाइबच्या नादी लागू नये.

कुठे आणि कधी सराव करायचा

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हा विषयच नाही. आग्वादच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही बंद होते.

सकाळी मतलई वारे पूर्वेकडून येतात, मंद असतात आणि पाणी आरशासारखं. मोह होतो. पण हा वारा करंझाळे-मिरामारहून बाहेर समुद्राकडे नेतो आणि दहा-अकराच्या सुमारास बऱ्याचदा मधेच मरतो. ज्याला टॅक येत नाही त्याने सोबत इंजिनाची बोट नसताना या वाऱ्यावर लांब जाऊ नये. दुपारी तीन-चारला खारे वारे पुरे भरात असतात, लाटाही उठलेल्या असतात, तेव्हा शिकणं होत नाही, झुंजणंच होतं. सरावाला मधली वेळ बरी. खारा वारा नुकता लागलाय, सहा-आठ नॉट आहे, पाणी अजून खवळलेलं नाही. करंझाळ्याला अशा वेळी टॅक फसला तर फार तर वाळूवर येऊन टेकाल.

बांबोळी-शिरदोनची बाजू शांत दिसते म्हणून लोक तिथे जातात. वायव्येचा वारा तिथे पठारावरून उतरतो. किनाऱ्याजवळ एकदम पडतो, एकदम झोत येतो, दिशा बदलते. नाक वाऱ्यावर आणलंत आणि तेवढ्यात वारा दहा अंश फिरला, की चांगला टॅकही फसतो. शिवाय फसलात तर वाहून जाणार जुवारी नदीच्या मध्याकडे, जिथे मालवाहू बार्ज चालतात. बार्ज तुमच्यासाठी थांबत नाही, तिला थांबता येतच नाही.

ओहोटीचं गणित विसरू नका. मांडवीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर येत असतं आणि समोरून खारा वारा. दोघांची टक्कर झाली की आखूड, उभ्या लाटा उठतात. एक चढेपर्यंत दुसरी नाकावर. हलकी बोट तिथे टॅक घेतच नाही, तुम्ही कितीही बरोबर करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती-ओहोटी असते, प्रवाह जोराचा. अष्टमीच्या सुमारास भांगाची, तेव्हा बरंच सोपं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारी दुपारी चांगलं जमलं म्हणजे या रविवारीही पाणी तसंच असेल असं नाही.

एके दुपारी भाचा तिथेच, मुखाशी, पुन्हापुन्हा अडकत होता. बाजूने जाणाऱ्या होडीतून एक मासेमार ओरडला, "पात्रांव, दोरी सोड मरे!" (पात्रांव म्हणजे मालक.) भाच्याने मेनशीट सोडली, नाक फिरलं. इतकं सगळं मी लिहिलं ते त्याने चार शब्दांत सांगितलं होतं.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच चढवा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यात असू दे. नोंदणी-परवानगीचं काम पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे असतं, ते उरकून घ्या. बोट उलटली तर होबी १६च्या आकाराची बोट एकट्याच्या वजनाने सहसा उभी होत नाही, म्हणून दोघे असल्याशिवाय जाऊ नका.

तरीही वळत नसेल

रडर खट् वाजतात, हल कोरडे आहेत, सपाट पाण्यात वेगाने आलात, जिब वेळेवर सोडली, तरीही नाक तोंडावर थांबतं. आता डोलकाठीकडे बघा.

ती फार मागे झुकलेली असेल तर बोट वाऱ्याकडे ओढते, टिलर जड लागतो आणि टॅकनंतर नाक खाली पडायला तयार होत नाही. फार उभी असेल तर वाऱ्याकडे यायलाच कंटाळते. दुरुस्ती पुढच्या तारेच्या पट्टीवर एका वेळी एकच भोक बदलून करा आणि मग समुद्रात जाऊन बघा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. ही कामं करताना, आणि डोलकाठी उभी ठेवून बोट ढकलत नेताना, वर विजेच्या तारा आहेत का ते आधी बघा. होबी १६ची डोलकाठी सुमारे ८ मीटर असते, अ‍ॅल्युमिनियमची, आणि आपल्याकडे किनाऱ्याच्या गल्ल्यांत तारा कुठेही लोंबतात.

बॅटनचा ताणही बघा. फार घट्ट बांधल्या असतील तर शिडाला खोल पोट येतं आणि हलक्या वाऱ्यात त्या पलटतच नाहीत. शिडावरच्या सुरकुत्या जेमतेम जातील एवढाच ताण पुरे.

बोटीला एकच शीड असेल, जिबच नसेल, तर उलट भरून नाक ढकलणारं पुढे कुणी नाही. तिथे मेनशीट सोडायची वेळ आणखी नेमकी हवी, टिलर आणखी हळू, आणि मागे जाऊन सुटायची युक्ती पहिल्याच दिवशी शिकून घ्यायला हवी. जिब असलेल्या बोटीवर ती गुंडाळून नुसत्या मेनसेलवर निघालात तरी हेच लागू. वारा जास्त वाटतोय म्हणून पुष्कळ जण तसं करतात. जिब लावूनच ठेवा, ती थोडी सैल सोडा आणि ट्रॅव्हलर (मेनशीटचं मागचं सरकतं टोक) वाऱ्याखाली घ्या.